कमळपक्ष्याचे जास्तीचे पाय

हे मी सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली की मला काहीतरी काम निघायचं. कधी गॅसचा नंबर लावायचा असायचा, कधी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असायचा. हयातीचा दाखला वर्षातून एकदाच द्यावा लागतो हे माझ्या बायकोला ठाऊक आहे. त्यामुळे एका वर्षात तिसऱ्यांदा त्याच कारणाने चप्पल घालायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "इतके जिवंत आहात का तुम्ही?"

आता बहात्तर वर्षांचा झालो. माझ्या मित्राने एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती खरी होती, आणि माझ्यामुळे ती खोटी ठरली. पुढे तर त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. कारण अगदी क्षुल्लक होतं. मला माझा फोटो स्वच्छ दिसायला हवा होता.

मी पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो, नंदनवन नावाच्या वस्तीत राहतो. मित्र शेजारच्याच सक्करदऱ्याचा. शाळेत कवायतीचा मास्तर होता आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. आमच्या भागातल्या मैदानांवर चाळीस वर्षं कुणाचा पाय रेषेवर पडला आणि कुणाचा नाही हे त्याने ठरवलं. दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, पण त्याने हात वर केला की गप्प व्हायचे. एकदा एका नगरसेवकाच्या भाच्याला त्याने बाद दिलं. नगरसेवक स्वतः मैदानात आला. माझा मित्र त्याला म्हणाला, "साहेब, तुमी वार्ड पाहा, मी रेष पाहतो." नगरसेवक परत जाऊन खुर्चीवर बसला.

निवृत्तीनंतर मी एक जुना कॅमेरा आणि लांब लेन्स घेतली. पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणजे लपून बसावं लागतं. आम्ही त्याला लपण म्हणायचो. कन्हान नदीच्या पलीकडे एका गावाच्या तलावावर ते उभं केलं. चार बांबू आणि मांडववाल्याकडून आणलेला जुना हिरवा पडदा. पडद्याच्या एका कडेला सोनेरी झालर होती. ती आतल्या बाजूला घ्यावी लागे. एकदा चुकून बाहेर राहिली, तर समोरचे बगळे लग्नाला आलेल्या मंडळींसारखे रांगेत उभे राहून दोन तास नुसते बघत होते. जवळ एकही आला नाही.

नुसतं लपून भागत नाही. माणूस आत गेलेला पक्ष्याने पाहिलेला असतो, आणि तो बाहेर येईपर्यंत पक्षी तिकडे फिरकत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. पक्ष्याला मोजता येत नाही. दोघांनी आत जायचं आणि एकाने बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्याला वाटतं, गेलं बुवा ते संकट. मग तो निवांत बाहेर येतो.

निघून जाणारा माणूस नेहमी माझा मित्र असायचा.

कवायतीच्या मास्तराचं जाणं बघण्यासारखं असे. भगवा टी-शर्ट, हात खांद्यापर्यंत, पाय दाणदाण. तो जातोय हे तलावातल्या माशांनाही कळत असावं. बांधावरच्या बाभळीखाली पोचला की गळ्यातली दुर्बीण काढून तीन तास तिथेच बसायचा. मी इशारा केला की पुन्हा तसाच कूच करत यायचा आणि मला बाहेर काढायचा.

"काहून बे, रोज मीच बाहेर काहून?" तो विचारायचा.

"कॅमेरा कुणाचा?"

"कॅमेरा तुहा. अक्कल कुणाची? पक्ष्याले उल्लू मी बनवून राहिलो, अन् तू आत बसून आलूबोंडे खाऊन राहिला."

हे खरं होतं. आलूबोंडे दोघांचे असायचे आणि पिशवी माझ्याकडे असायची.

त्या तलावात शिंगाड्याच्या वेली होत्या, आणि त्या वेलींवर कमळपक्षी चालायचे. लांबलचक बोटांचा पक्षी, पानावर पाय ठेवला तरी पान बुडत नाही. यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते. उबवणं आणि पिल्लं वाढवणं हे सगळं नराकडे. माझ्या मित्राला या नराबद्दल फार आदर होता. "बाई गेली दुसरीकडं, अन् हा बाप्पा चार पोरं वागवते," तो म्हणायचा. "याले पेन्शन पाहिजे."

संकट आलं की हा नर पिल्लांना पंखांखाली घेऊन उचलून नेतो, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पण आमच्या पक्षीमित्र मंडळातल्या कुणी ते आपल्याकडे पाहिलेलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष एका कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. त्यांचा नियम असा की फोटोशिवाय नोंद नाही. मंडळाच्या वहीत नाव लागावं अशी माझ्या मित्राची फार इच्छा होती. इतरांची नावं लागलेली होती. माझं तर सहा ठिकाणी होतं, कारण कॅमेरा माझा.

ऑगस्टअखेरची एक सकाळ. आभाळ इतकं भरलेलं की आठ वाजताही पहाटेसारखा उजेड. मित्र निघून गेला. थोड्या वेळाने नर वेलीवर आला, मागे इवलीशी पिल्लं. उजेड नसला की कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागते, आणि ती वाढवली की फोटोवर रंगीत दाणे उमटतात. त्याला नॉइज म्हणतात. मी नाइलाजाने आयएसओ सहा हजार चारशेवर नेला. तेवढ्यात एक घार खाली झेपावली. मी बटण दाबून धरलं. पण त्याच क्षणी माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि मला नुसता तपकिरी ठिपका दिसत राहिला. चष्मा पुसला तोवर घार गेली होती आणि कमळपक्षीही.

मित्र इशाऱ्याची वाट न बघता धावत आला. पासष्टीच्या पुढचा माणूस, चिखलातून, भगवा टी-शर्ट पोटावर चढलेला.

"पाह्यलं का बे? पाह्यलं का? बसला खाली, पंख फाकवले, अन् पोरं आत! उठून चालू लागला तं पोटाखालून तंगड्याच तंगड्या! तीन पोरं, सहा तंगड्या. मोजल्या मी!"

मला काहीच दिसलं नव्हतं. पण दोन तास पक्ष्यापासून चौदा हातांवर बसून मला जे दिसलं नाही ते याला बांधावरून दिसलं, हे कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "पाह्यलं ना. सगळं घेतलं."

त्याने मला मिठी मारली. चिखलासकट.

घरी येऊन त्यातल्या त्यात बरा फोटो संगणकावर उघडला. बायको मागून म्हणाली, "यावर रवा सांडला का हो?" ती बरोबर बोलत होती. पक्षी होता, पण सगळा रव्याखाली. मागच्याच बैठकीत अध्यक्षांनी माझ्या एका फोटोला भर सभेत "दाणेदार" म्हटलं होतं, तुपाला म्हणतात तसं, आणि लोक हसले होते. ते मला लागलं होतं. त्यामुळे मी व्हिडिओ बघून बघून दाणे काढायचं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्यात एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की दाणे जातात. किती सरकवायची हे व्हिडिओत सांगितलं होतं: थोडी. माझा स्वभाव असा की डॉक्टरांनी अर्धी गोळी सांगितली तर मी अर्धीच घेतो. पण त्या दिवशी पट्टी शंभरावर नेली.

रवा गेला. पक्ष्याची पिसंही गेली, पण त्याऐवजी असा गुळगुळीत, चकचकीत पक्षी आला की काचेच्या कपाटात ठेवावा. फक्त पोटाखाली काही करड्या रेघा उरल्या होत्या, पुसट, ओघळल्यासारख्या. मला वाटलं, शिंगाड्याच्या मुळ्या लोंबत असतील. घाण दिसत होती. ब्रश घेतला आणि त्याही पुसल्या.

बैठकीत फोटो मोठ्या पडद्यावर लावला. आधी माझा मित्र बोलायला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे, विश्राममध्ये असतात तसे. घार कशी आली, नर कसा बसला, पंख कसे फाकवले, सगळं त्याने मैदानावरच्या आवाजात सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "सहा पाय. मोजून सांगून राहिलो."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पक्ष्याला दोन पाय होते. स्वतःचे.

"मास्तर, बाकीचे चार कुठं गेले?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाकीचे सहा, सर. त्याचे स्वतःचे धरून आठ."

"मग अजूनच अवघड आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "कोळी होता वाटतं!" माझा मित्र पडद्यापाशी गेला. नाक टेकेल इतका जवळ. पोटाखालच्या त्या गुळगुळीत पाण्यावरून त्याने बोट फिरवलं, जणू पाय पडद्याच्या मागे गेले असावेत. मग माझ्याकडे वळला.

"तू तं पाह्यलं होतं ना गा?"

एवढ्या लोकांत "हो" म्हणालो असतो तर मीही कोळीवाला झालो असतो. आणि "नाही, माझ्या चष्म्यावर वाफ होती" म्हणालो असतो तर सहा नोंदींचा छायाचित्रकार डोळे झाकून बटण दाबतो हे उघड झालं असतं. मी म्हणालो, "मले तं पक्षीच दिसला. पाय काही... तसे दिसले नाही."

त्याने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कॅमेरा काही खोटं बोलत नाही. माह्याच डोळ्याची गलती असंल." आणि जागेवर जाऊन बसला. अध्यक्ष म्हणाले, ते काही असो, फोटो मात्र कमालीचा स्वच्छ आहे, एक दाणा नाही. त्याला महिन्याचा फोटो म्हणून निवडलं. सर्वात जास्त वेळ टाळ्या माझ्या मित्राने वाजवल्या.

आठवड्याने मंडळाने तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावायचं ठरवलं. छपाईवाल्याने मूळ फाइल मागितली. दुपारी जेवण झाल्यावर मी ती उघडली. दाण्यांचा नुसता धुरळा. त्या धुरळ्यात, पोटाखाली, जिथे मी ब्रश फिरवला होता, तिथे पाय होते. बारीक, काडीसारखे, टोकाला लांब बोटं. मी पाच मोजले. सहावा एका पानाआड होता. पान किंचित वाकलेलं होतं, म्हणजे तोही होताच.

छपाईवाल्याला मी पुसलेलाच फोटो दिला.

उद्या सांगू, असं म्हणालो. मग पोळा आला. मग गणपती. मग फ्रेम लागली, आणि फ्रेमखाली माझं नाव. रोज एक दिवस उशीर होत गेला, आणि उशीर झालेली गोष्ट सांगताना आधी उशिराचं कारण द्यावं लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

एक दिवस तो काळा चष्मा लावून माझ्याकडे आला. "डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणते, मोतीबिंदू आहे पण कच्चा, दोन वर्षं थांबा. मी म्हटलं, नाही साहेब, मले पाय दिसून राहिले. डॉक्टर म्हणते, कुणाचे? म्हटलं, पक्ष्याचे. डॉक्टर म्हणते, किती? म्हटलं, सहा जास्तीचे. मंग त्यानं लगेच तारीख देल्ली."

बायको खो खो हसली. "भाऊजी, तुमी पण ना!" मीही हसलो.

ऑपरेशन झाल्यावर त्याने लपणाकडे यायचं बंद केलं. धूळ लागते म्हणाला. दुर्बीण पुतण्याला देऊन टाकली. मग निघून जाणारं माणूस म्हणून मी बायकोला नेलं. आम्ही दोघं आत गेलो, ती बाहेर पडली, वीस पावलं गेली आणि परत आली. "किल्ली तुमच्याकडंच आहे का?" दुसऱ्यांदा परत आली: "उन्हात काहून उभी राहू मी? छत्री द्या." तिसऱ्यांदा तर तिने पडदा वर करून विचारलं, "पक्षी आला का?" पक्ष्याला मोजता येत नसेल, पण असा हिशेब कुणालाही कळला असता. त्या मोसमात माझ्या लपणासमोर एक म्हैस आली. तिचे फोटो उत्तम आले, उजेड चांगला होता.

पण हे मी हसण्यावारी नेतोय. जे खरं लागलं ते नंतर.

दिवाळीनंतर आमच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते. पंच अर्थातच तो. चुरशीचा सामना, एका चढाईत पाय रेषेवर पडला की नाही यावर गोंधळ झाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने हात वर केला, अर्ध्यावर थांबवला आणि खाली घेतला. मग चढाई करून आलेल्या त्या धिप्पाड खेळाडूला विचारलं, "तूच सांग बाबू, पडला का पाय?"

"नाही सर," तो अर्थातच म्हणाला.

"ठीक आहे मंग."

त्यानंतर त्या सामन्यात कुणीच बाद होईना. जो तो येऊन सांगायचा, सर, नाही पडला. दोन्ही संघ थकून मैदानातच बसले तेव्हा सामना थांबवावा लागला. प्रेक्षक पोट धरून हसत होते. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. घरी जाताना तो मला म्हणाला, "सोडून देल्लं आता. दिसते सगळं, पण खरं काय अन् खोटं काय, भरोसा नाही राह्यला." शिट्टी त्याने तिथेच आयोजकांच्या टेबलावर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगायचंच म्हणून मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे दिले. मी म्हणालो, "तो फोटो आहे ना आपला, कमळपक्ष्याचा..."

"त्या फोटोनं माहं भलं केलं गा," तो म्हणाला. "नाही तं मोतीबिंदू पिकून बसला असता. मी रोज हिले सांगतो, माह्या दोस्तानं कॅमेरा घेतला म्हणून मले कळलं."

वहिनी म्हणाल्या, "तुमचे लई उपकार झाले भाऊजी." आणि पोह्यांवर आणखी शेव घातली.

मी पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा घेतलेही.

अशीच वर्षं गेली. गेल्या वर्षी तो घरात पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलीने त्याला कन्हान गावात स्वतःकडे नेलं. तेव्हा मात्र मी मूळ फाइल घेऊन छपाईवाल्याकडे गेलो आणि मोठा फोटो काढून मागितला. एकही दाणा काढायचा नाही म्हणालो. तो म्हणाला, "काका, हा तर पूर्ण खराब आहे. साफ करून देऊ का? दोन मिनिटांचं काम." मी त्याच्यावर इतका ओरडलो की दुकानातले बाकीचे लोक बाजूला झाले.

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवर कन्हानला निघालो. पुलावरून जाताना हेल्मेटमध्ये मोठ्याने बोलून बघत होतो, म्हणजे ऐनवेळी शब्द अडकायला नकोत. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने विचारलं, "मले काही म्हणून राहिले का काका?"

त्याच्या खोलीत मुलगी, जावई, दोन व्याही, शेजारची एक बाई आणि टीव्ही होता. टीव्हीवर कबड्डी चालू होती. तो झोपून होता. मला बघून हसला. "अरे, आला का बे."

"एक दाखवायचं होतं तुले," मी म्हणालो.

"चष्मा नाही ना गा. दुरुस्तीला देल्ला. रविवारी ये, चष्मा येते."

एवढ्या माणसांत बोलायचं धाडस मला पुन्हा झालं नाही. चष्म्याचं कारण मला बरं वाटलं, हे खरं आहे. मी म्हणालो, "रविवारी येतो."

तो गुरुवारी गेला.

तेरवीला मी ते गुंडाळलेलं घेऊन गेलो होतो. वहिनींनी विचारलं, काय आणलं भाऊजी? मी म्हणालो, कॅलेंडर. तसंच परत आणलं.

परवा मी अध्यक्षांना सगळं लिहून दिलं, मूळ फाइलसकट. हॉलमधली फ्रेम उतरवा, वहीत नोंद करा, आणि नोंदीत माझं नाव घालू नका, असंही लिहिलं. फाइल उघडून त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "पाच दिसतात." मी म्हणालो, "सहावा पानाआड आहे, सर. त्यानं मोजले होते." नोंद झाली. सहा अशीच झाली.

पण वहीतल्या नोंदीने त्याला काय सांगितलं? जे सांगायचं होतं ते मी स्कूटरवर पाठ केलं होतं, आणि ते एवढंच होतं: "तुह्या डोळ्याले काही झालं नव्हतं गा. पाय होते. मी पुसले, अन् चार लोकांत खोटं बोललो. तू बरोबर होता. माफ कर मले."